मीटरला काय पडलं

गच्चीवरच्या खांबापासून खोलीतल्या टेबलापर्यंत
अठ्ठावीस मीटर.
सुतळीनं मोजलं, दोनदा,
जिन्याच्या वळणाला हातभर सैल सोडून.
उद्यमनगरात तीस वर्षं टर्नर आहे मी,
एका सुतानं चुकलो तरी झोप लागत नाही.

जुनी केबल काल उतरवली.
करंगळीहून बारीक,
स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली.
ब्लेडनं उभी चिरली
तर आतली तांब्याची वेणी हिरवीगार.
वरच्या टोकातून पाणी शिरलेलं,
वर्षानुवर्षं खाली उतरत आलेलं,
कुणाला न सांगता.
तिच्यातूनच बोलत होतो आम्ही पुरात.

ते थोडक्यात सांगतो,
लांबवलं की त्यात मीच मोठा होतो.
मोबाइल मुके होते.
शिरोळकडनं जिनपाल तेरदाळे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बोलत होता.
शाळेच्या माडीवर माणसं आहेत, म्हणाला,
सा—
आणि खरखर.
सात का साठ?
तीनदा विचारलं.
तीनदा त्यानं सांगितलंच असणार.
माझ्याकडं पोचला तो शेपूट तुटलेला 'सा'.
मी बोटवाल्यांना सात सांगितलं.
गेली एक बोट.
आली सगळी बाहेर, पहाटेपर्यंत, नऊ खेपांत.
मला कुणी काही बोललं नाही.
तेरदाळेसुद्धा नाही.

मगदूम सरांकडं गेलो.
सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर चार लिटर धार काढून घेतलीस,
आणि मंगळवार पेठेत पोचेस्तोवर किटलीत एक.
तीन लिटर वाटेत सांडलं.
ही तुझी बारीक केबल.
आता म्हशीला कशाला शिव्या देतोस?"
खालच्या बँडवर बारीक चालून जाते, म्हणाले,
वर जाशील तशी ती जास्त पिते.

निजाम मुजावरनं दुकानात आधी डिशची पुढं केली.
पांढरी, देखणी, मीटरला अठरा रुपये.
"हिच्यातनं अख्खी सिरियल येती की वो,
तुमचा आवाज यायला काय झालं?"
ती पंचाहत्तर ओहमची, माझं यंत्र पन्नासचं.
विटवर्थचा बोल्ट मेट्रिकच्या नटात घातला
की दोन आटे गोड जातो,
तिसऱ्याला मान वाकडी करतो.
केबलचं इतकं अडत नाही, सर म्हणतात, भागतं.
पण भागवूनच तर इथवर आलो होतो.

मग काढली सगळ्यात जाड.
मीटरला तीनशे दहा,
आणि मानपान राहिलेल्या जावयासारखी ताठ.
माझ्या जिन्याच्या वळणाला ती वाकली नसती,
जिनाच पाडावा लागला असता.

मधली घेतली.
काळी. व्हर्नियर लावला: दहा पॉइंट तीन.
टोक सोलून वेणी नखानं सारून बघितली,
फट नाही.
सांडणार हिच्यातही,
पण निम्म्याहून जास्त घरी पोचणार.
एकोणतीस मीटर द्या म्हटलं.
"अठ्ठावीस म्हणालासा न्हवं?"
एक माझ्या भीतीचा.

कनेक्टरला डाग दिला, फुंकर न मारता थंड होऊ दिला.
वरच्या टोकाला रबरी टेपचे तीन वेढे,
आणि आत शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ,
म्हणजे पाणी आलं तरी तिथंच ठिबकेल.
शशिकला खालून म्हणाली,
बाळंतिणीचं डोकं बांधल्यागत किती बांधताय.

संध्याकाळी बटण दाबलं.
तेरदाळे नव्हता, त्याच्याकडं ऊसतोड लागलीय.
कागलचं कोणतरी पोरगं आलं, नवीन लायसनचं,
आपली अक्षरं अजून अडखळत सांगणारं.
"आवाज खणखणीत आहे काका.
केबल बदलली? मीटरला काय पडलं?"

"एकशे साठ."

"एकशे साठ? लईच की वो."

मी बटणावरचा अंगठा काढून बसलो.
खाली कुणीतरी बुलेटला किक मारत होतं, लागत नव्हती.
"काका? आहे का कोण?"

आहे म्हटलं.
परत सांग बाळ,
किती ऐकू आलं तुला?